तिसऱ्या आणि चौथ्या बाटलीमधलं शेत

पित्रांचा पंधरवडा तोंडावर आला की नाशकात पालेभाजी कितीही नेली तरी कमीच पडते. त्या वर्षी नवसाबाईची मेथी नेमकी त्याच सुमाराला उपटायला आली. टेकडीच्या उतारावरचं बाभळीचं शेत उणंपुरं पंधरा गुंठ्यांचं, पण पान असं रुंद आणि काळंभोर की दोन मुठींत जुडी भरायची. सकाळपासून ती वाफ्यात उकिडवी बसून होती. उपटायचं, मुळं तळहातावर आपटून माती झाडायची, केळीच्या सोपटानं बांधायचं, मागं ठेवायचं. गुडघे सुन्न झाले की एक पाय लांब करायचा आणि तसंच पुढं सरकायचं.

दहाच्या सुमाराला पोरांचा कालवा ऐकू आला. सातवीचा वर्ग साधनाबाईंच्या मागून टेकडीची धार चढत होता. साधनाबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. गंगापूर रोडला राहायच्या आणि रोज पहिल्या गाडीनं वस्तीवर यायच्या. त्यांचं बोलणं इतकं हळू की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा ऐकायला पुढं वाकायची. नवसाबाईची भाग्यश्री त्यांच्या शेजारून चालत होती. तिच्या खांद्याला बाटल्यांची पिशवी होती.

या फेरीमागं कारण होतं. वैशाखात वस्तीत काविळीची साथ आली. अकरा जणांनी अंथरूण धरलं. नवसाबाईच्या धाकट्या ओमचे डोळे हळदीसारखे झाले, महिनाभर तो उसाच्या रसावर आणि पेजेवर राहिला, आणि निभावला. लंकाबाईची सून कुंदन निभावली नाही. तिला सातवा महिना होता. पोटुशीला ही कावीळ सोसत नाही, असं सिव्हिलच्या डॉक्टरनं नंतर सांगितलं. तेव्हापासून वस्तीचा एकच धोशा होता: टेकडीपलीकडं नवी कॉलनी झाली, तिची घाण आपल्या ओहोळात उतरते. पंचायतीतला मेंबर कारभारी अर्ज घेऊन पंचायत समितीत चकरा मारत होता, आणि नवसाबाईचा नवरा सावळीराम त्याच्या गाडीवर मागं बसून जात होता. कॉलनीवाल्यांनी वस्तीला नळाची लाइन ओढून द्यावी, अशी मागणी होती. साहेबांनी पुरावा मागितला. मग कारभारीच शाळेत गेला आणि बाईंना म्हणाला, पोरांना पाण्याचा धडा शिकवताच आहात तर आमच्याच ओहोळावर शिकवा.

बाई धारेवर थांबल्या. खाली एका अंगाला वस्ती आणि ओहोळ, दुसऱ्या अंगाला कॉलनीची लाल कौलांची एकसारखी घरं. त्यांनी तांब्यातलं पाणी एका उघड्या कातळावर सावकाश ओतलं. पाणी जरासं थबकलं, मग दोन वाटांनी फुटलं. एक ओघळ वस्तीकडं, एक कॉलनीकडं.

"अलीकडं पडेल ते आपल्या ओहोळात. पलीकडं पडेल ते त्या नाल्यात. वरून वाहणारं पाणी तरी ही धार ओलांडत नाही. अलीकडचा हा सगळा उतार, शेतं, घरं, गोठे, हे आपल्या ओहोळाचं पाणलोट क्षेत्र."

"बाई, धारेवर हुभं राहून थुंकलं तर?" दीपकनं विचारलं.

"वारा कुठला आहे त्यावर," बाई तितक्याच गंभीरपणे म्हणाल्या. पोरं खिदळली. वाफ्यात नवसाबाईलाही हसू आलं.

हसता हसता तिनं मान वळवून धारेच्या खाचेतून कॉलनीकडं पाहिलं. कॉलनीची गटार उघडी होती, इथून दिसत होती. काळी रेघ घरांच्या मागून निघून सरळ पलीकडच्या नाल्याकडं गेली होती. नवसाबाईनं ती रेघ किती वेळा पाहिली असेल. आज तिच्या मनात आलं, ही तर तिकडंच उतरते. मग ती खाली बघून मेथी उपटायला लागली.

पोरांनी पाच ठिकाणचं पाणी घेतलं. एक नंबर ओहोळ निघतो तिथलं, धारेच्या लगतचं. दोन नंबर कारभारीच्या विहिरीखालचं. तीन नंबर बाभळीच्या शेताच्या वरच्या अंगाचं. चार नंबर शेताच्या खालच्या झिऱ्याचं. उन्हाळ्यात हापसा आटला की ओहोळाच्या वाळूत खड्डा करून वस्ती तिथूनच वाटीवाटीनं प्यायचं पाणी भरायची. पाच नंबर डोहाचं, जिथं बाया भाजी धुतात तिथलं. प्रत्येक बाटलीच्या तळाला कागदाची एक पट्टी होती. माणसाच्या पोटातली घाण पाण्यात असेल तर एकदोन दिवसांत बाटली काळी पडते, एक थेंबदेखील पुरतो, असं बाईंनी सांगितलं. शनिवार होता. दुसऱ्या दिवशी शाळा नाही, म्हणून बाटल्या भाग्यश्रीच्या हवाली झाल्या. उबेला ठेवायच्या, सकाळ-संध्याकाळ बघायच्या, वहीत मांडायचं.

दिवस कलताना मायलेकींनी जुड्या डोहावर नेल्या. जुडी पाण्यात बुडवून दोनदा हिसळायची, पाणी निथळू द्यायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळून टोपलीत रचायची. वस्तीतल्या सगळ्या बायांची हीच रीत. धुतलेली भाजी रातभर ताठ राहते आणि सकाळी गिऱ्हाइकाच्या हातात गार लागते. शंभरावर जुड्या बुडवता बुडवता नवसाबाईची बोटं सुरकुतून पांढरी पडली.

तेवढ्यात वरून ट्रॅक्टरची धडधड आली. धारेवरच्या गाडीवाटेनं बहिरूची टाकी उतरत होती. कॉलनीतल्या संडासांच्या टाक्या उपसायचं काम बहिरूकडं होतं. मैला लांब नेऊन टाकायला डिझेल जातं, म्हणून दोन वर्षांमागं त्यानंच सावळीरामला विचारलं होतं, अन् सावळीरामनं बाभळीखाली खड्डा करून दिला होता. पंधरा दिवसांनी एक खेप. उन्हाळ्यात खड्डा वाळला की नवसाबाई पदर नाकाला बांधून घमेल्यानं ते खत वाफ्यात पांगवायची. सुरुवातीला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. नंतर मेथीचं पान बघून तिचं तिलाच नवल वाटलं. खड्ड्यावर पाचट टाकलेलं असायचं. वासाचं काय, वस्तीत गोठे सगळ्यांचेच.

पाइप खड्ड्यात पडल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ घळघळ चालली. भाग्यश्री हातात जुडी घेऊन तशीच उभी होती.

"बुडव ना," नवसाबाई म्हणाली.

पोरीनं जुडी बुडवली नाही. टोपलीच्या कडेला ठेवली.

रविवारी सकाळी पाचही बाटल्या सारख्या दिसत होत्या. भाग्यश्रीनं त्या चुलीजवळच्या पत्र्याच्या पेटीत, आजीच्या जुन्या वाकळेत गुंडाळून ठेवल्या होत्या. दुपारी चौथ्या बाटलीत तळाला धूर कोंडल्यासारखं झालं. संध्याकाळी चौथी आणि पाचवी काळ्या शाईसारख्या होत्या. पहिली, दुसरी, तिसरी जशीच्या तशी.

सावळीराम बाजारातून आला आणि चहाची बशी हातात घेऊन पेटीसमोर बसला. खालच्या दोन काळ्या बाटल्या बघून आधी त्याला बरंच वाटलं. पुरावा झाला म्हणाला. मग त्यानं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. परत वाचल्या. बशीतला चहा निवत गेला. तो दहावीपर्यंत शिकलेला माणूस. त्याला कुणी उलगडून सांगायची गरज नव्हती. तिसरी बाटली शेताच्या वरची, चौथी शेताच्या खालची.

बऱ्याच वेळानं तो पोरीला जवळ बस म्हणाला. आवाज अगदी मऊ. "भागे, बाई म्हनल्या ना, एक थेंब बी पुरतो?"

"हो नाना."

"मंग चौथीतला एकेक थेंब ह्या तिघींत टाक. उद्या सकाळपर्यंत सगळ्या सारख्या व्हतील. वरपासूनच घान येती असं दिसंल."

भाग्यश्रीनं आईकडं पाहिलं. नवसाबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"टाक ना गं. खोटं कुठं हाय? घान कॉलनीचीच हाय," सावळीराम म्हणाला.

"कॉलनीची हाय," नवसाबाई म्हणाली, "पन ती आपन आनली."

सावळीराम तिच्याकडं वळला. एवढ्या वर्षांत त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, आणि आत्ताही आवाज चढवला नाही. त्यानं फक्त एकेक गोष्ट पुढं ठेवली. लाइन आली तर सगळ्या वस्तीला येईल. पुढच्या उन्हाळ्यात कुणाचं पोर झिऱ्याचं पाणी पिणार नाही. खड्डा तो बुजवून टाकेल, बहिरूला उद्याच नाही म्हणेल. झालं ते झालं. आणि हे बाहेर गेलं तर लंकाबाईचा पोरगा आपल्याला या वस्तीत राहू देईल का, याचा तिनं विचार करावा.

"कुंदनचं नाव आपल्या दाराला लागंल," तो म्हणाला. "कायमचं."

तव्यावरची भाकरी करपली. नवसाबाईनं ती उतरवली, हात न धुताच उठली, पाचही बाटल्या वाकळेसकट उचलून मांडीत घेतल्या आणि भिंतीला टेकून बसली. सावळीराम थोडा वेळ बसला, मग बाहेर जाऊन ओट्यावर बिडी ओढत राहिला. भाग्यश्रीनं वही उघडून लिहिलं. तीन ओळी कोऱ्या, दोन ओळींत 'काळी'.

मांडीतल्या बाटल्या कोमट होत्या. नवसाबाईला वैशाख आठवत होता. कुंदनला पोटामुळं झिऱ्याशी वाकता यायचं नाही. ती काठावर हंडा घेऊन उभी राहायची आणि नवसाबाई खाली बसून वाटीवाटीनं तिचा हंडा भरून द्यायची. वर फडक्याची गाळणी धरलेली असायची. वाळूतून झिरपलेलं पाणी, नितळ, तळाचा खडा दिसावा असं. एकदा कुंदन म्हणाली होती, काकी, घोटभर इथंच द्या, जीव सुकला. नवसाबाईनं तिच्या ओंजळीत वाटी रिती केली होती.

सोमवारी तिनं जुड्या न धुताच नेल्या. गंगापूर रोडच्या कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानासमोर तिची बसायची जागा ठरलेली. बंगल्यातल्या एक बाई दोन वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक होत्या. त्यांनी जुडी उचलली आणि लांब धरली.

"आज माती का एवढी? तुमच्याकडची भाजी कशी स्वच्छ असते, म्हणून तर मी दुसरीकडं जात नाही."

नवसाबाई म्हणाली की आज धुवायला सवड झाली नाही. घरी नेऊन नळाखाली चांगली धुवा, तीन-चार पाण्यांनी धुवा, असंही म्हणाली. बाईंना ते चमत्कारिक वाटलं असावं. त्यांनी जुडी परत ठेवली, बोटांची माती पिशवीला पुसली आणि शेजारच्या बाईपाशी गेल्या. ती शेजारची याच वस्तीतली होती. तिच्या जुड्या डोहात धुतलेल्या, हिरव्यागार, टपटप पाणी गळत होतं.

निम्मी टोपली परत आली. सावळीरामनं ती म्हशीपुढं टाकली. घरात दोन दिवस कामापुरतं बोलणं झालं. बुधवारी शाळेच्या पडवीत बैठक होती. त्याच दिवशी सकाळी तो नवसाबाईला म्हणाला, तू येऊ नकोस, बायांचं काय काम. ती आली.

पडवीत सतरंजी अंथरली होती. पंचायत समितीचे साहेब खुर्चीवर, कारभारी त्यांच्या शेजारी, वस्तीतली पाचपन्नास माणसं खाली. बाया खांबाला टेकून. लंकाबाई सगळ्यांत पुढं बसली होती, डोईवरचा पदर घट्ट ओढून. भिंतीवर सातवीच्या पोरांनी काढलेला ओहोळाचा नकाशा लावला होता. टेकडीची धार, उतारांवर बाण, विहिरी, गोठे, एकेका शेताचं नाव. खाली टेबलावर पाच बाटल्या ओळीनं.

साधनाबाईंनी नेहमीच्याच आवाजात सांगितलं. पहिल्या तीन जागचं पाणी या तपासणीत चांगलं निघालं, खालच्या दोन जागचं वाईट. कॉलनीचा उतार पलीकडं आहे. तिच्या गटारीचं पाणी वाहत इकडं येत नाही. कारभारीचा चेहरा उतरला. तो बाईंना म्हणाला, पोरांकडून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल. बाई म्हणाल्या, आपण स्वतः सोमवारी परत पाच बाटल्या भरल्या होत्या. त्याही तशाच झाल्या.

"म्हणजे जे काही आहे ते तीन आणि चारच्या मधे आहे," त्या म्हणाल्या आणि नकाशाजवळ गेल्या. तिथं बाभळीचं झाड काढलेलं होतं आणि त्याच्या खाली कागद कोरा होता. "भाग्यश्री, हे शेत तुमचं ना? इथं काय आहे?"

भाग्यश्री नकाशाशेजारी उभी होती. तिनं हातातला खडू दोन्ही मुठींत धरला आणि पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. दीपक मागून हळूच काहीतरी पुटपुटला, त्याच्या आईनं त्याला कोपर मारलं. सावळीराम मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत होता. बाईंनी पोरीला परत विचारलं नाही, पण त्या थांबल्या होत्या, आणि पोरीच्या मानेवर घाम आलेला नवसाबाईला खांबापासून दिसत होता.

"तिला नका विचारू," नवसाबाई म्हणाली. "तिथं आमचा खड्डा हाय. मैल्याचा. बहिरूची टाकी तिथं रिकामी व्हती. दोन वर्सं झाली."

बोलताना तिचा आवाज फारसा हलला नाही. खांब मात्र तिनं धरून ठेवला होता. मग सगळे एकदम बोलायला लागले. कारभारी उठून सावळीरामसमोर गेला आणि म्हणाला, माझ्या गाडीवर बसून अर्ज द्यायला येत व्हतास तू. सावळीराम उठला, कुणाच्या पायांवर पाय देत पडवीतून उतरला आणि चालायला लागला. साहेब लिहून घेत होते. लंकाबाई जिथं बसली होती तिथंच बसून होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

सावळीराम त्याच संध्याकाळी चांदवडला बहिणीकडं गेला. घरात येऊन पिशवी भरताना तो नवसाबाईला एवढंच म्हणाला, "तुला बरं वाटलं ना, मंग झालं." हापशावर नवसाबाई गेली की बाया आपापले हंडे उचलून लांब उभ्या राहायच्या. बाजाराच्या टेम्पोत तिच्या टोपलीला जागा नव्हती. ओमला शाळेत कुणी शेजारी बसू देईना. साधनाबाई एकदा येऊन गेल्या. ओट्यावर बसल्या, चहा घेतला, म्हणाल्या की मला आधी घरी येऊन विचारायला हवं होतं, सगळ्यांसमोर पोरीला विचारलं ही चूक झाली. खड्डा कसा बुजवायचा तेही त्यांनी सांगितलं: आधी चुन्याची फक्की, मग माती, मग परत चुना, आणि वर उंचवटा, म्हणजे पावसाचं पाणी आत मुरणार नाही.

चौथ्या दिवशी नवसाबाई फावडं घेऊन बाभळीखाली एकटीच होती. चुन्यानं हाताच्या भेगा पेटल्या होत्या. पाचट ओढून काढलं तेव्हा माश्यांचं मोहोळ उठलं. बांधाची माती ओढायची, घमेलं भरायचं, ओतायचं. दोनशेक घमेली झाली असतील, तरी खड्डा अर्धा होता.

पाठीमागं चप्पल वाजली. लंकाबाई होती. ती बांधावर बसली, गुडघे जवळ घेऊन. नवसाबाईनं फावडं थांबवलं नाही. थांबवलं तर काय करायचं, ते तिला कळत नव्हतं.

"तुला ठावं व्हतं?" लंकाबाईनं विचारलं.

"नाय वं मावशी. ओमच्या गळ्याची आन. मला वाटायचं वाळूतून पानी गाळून येतं."

लंकाबाईनं मान हलवली. ते तिला पटलं असावं. तिनं शेजारचं एक काळं ढेकूळ उचललं, बोटांनी कुस्करलं, माती भुरभुर खाली सोडली. चांगली माती होती.

"आन् ठावं असतं," ती म्हणाली, "तर बहिरूला नगं म्हनली असतीस?"

नवसाबाई उभी राहिली. फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले. समोर उरलेली मेथी होती, वाऱ्यानं एका अंगाला लवलेली, काळीभोर. दोन वर्षांमागं याच तुकड्यात पिवळी, बोटभर मेथी यायची. बाजारात शेवटपर्यंत तशीच राहायची, आणि संध्याकाळी ती टोपली गोदाघाटावरच्या गाईंपुढं ओतून यावं लागायचं. ओमला पायात चप्पल नव्हती. आपण काय म्हणालो असतो, हे ती खरोखरच आठवून बघत होती, जणू ते कुठं होऊन गेलं होतं.

"म्हनले असते," ती म्हणाली.

लंकाबाई तिच्या तोंडाकडं बघत होती. उत्तर यायला लागलेला वेळ तिनं पुरता ऐकला होता.

ती हात टेकून उठली. लुगड्याची माती झटकली. ओहोळाची वाट जवळची होती, पण ती वरच्या वाटेनं, धारेला धरून गेली. नवसाबाईनं ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं, मग वाकून घमेलं ओढलं आणि माती भरायला लागली.